कंबरेतून पायात उतरलेले दुखणे: बरे होण्याचा अंदाज कशावरून बांधावा

कंबरेतून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ उतरत असलेला माणूस तपासणीसाठी येतो, तेव्हा दुखण्याचे वर्णन करून झाल्यावर तो बहुधा एकच गोष्ट विचारतो: हे पूर्ण बरे होईल का, आणि व्हायला किती दिवस लागतील? मी नेरूळमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत तुर्भ्याच्या बाजार समितीत पोती वाहणारे माथाडी असतात, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून ऐरोलीच्या किंवा महापेच्या कार्यालयात दिवसभर खुर्चीत बसणारे तरुण असतात, रिक्षाचालक असतात, आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर नातवंडांना कडेवर घेणाऱ्या आजी असतात. त्यांचे वय, काम आणि मिळकत यांत काहीही साम्य नसले तरी प्रश्न तोच असतो, आणि त्याचे उत्तर एमआरआयच्या पाकिटात आहे ही समजूतही तीच असते. दीर्घकाळात कोण बरे होईल याचा अंदाज काही प्रमाणात बांधता येतो. परंतु तो चित्रापेक्षा नीट विचारलेल्या प्रश्नांमधून अधिक बांधता येतो, आणि तो ज्या शब्दांत सांगितला जातो त्यांचा परिणाम रुग्णाच्या पुढच्या महिन्यांवर होतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

प्रथम एमआरआयविषयी, कारण बहुतेक घरांत चर्चा तिथूनच सुरू होते. अहवालात दोन किंवा तीन पातळ्यांवर मणक्यांमधली गादी फुगल्याचे, तिची झीज झाल्याचे, नसेच्या मुळाला तिचा स्पर्श होत असल्याचे लिहिलेले असते. रुग्ण ते वाचतो, घरातली माणसे ते मोबाइलवर शोधतात, आणि तपासणीला येईपर्यंत ‘मणक्यात गॅप आला आहे’ किंवा ‘गादी सरकली आहे’ हा निकाल घरात पक्का झालेला असतो. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचा एमआरआय काढून तो तज्ज्ञांकडून वाचून घेण्यात आला होता. त्यांच्यापैकी ५२ टक्के लोकांमध्ये किमान एका पातळीवर गादी फुगलेली होती आणि २७ टक्के लोकांमध्ये ती एका बाजूला स्पष्ट बाहेर आलेली होती. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीच्या आसपासच्या लोकांपैकी ९६ टक्के लोकांमध्ये गादीची झीज आढळली. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात झीज लिहिलेली असणे हे त्याच्या डोक्यावरचे केस पांढरे होण्याइतकेच वयाला धरून आहे.

एमआरआय निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. त्याच १९९४ च्या अभ्यासात, गादीचा भाग कवच फोडून पूर्ण बाहेर आल्याची अवस्था न दुखणाऱ्यांमध्ये फक्त एका टक्क्यात आढळली होती. त्यामुळे पायात कळ असलेल्या माणसाच्या चित्रात त्याच बाजूला आणि त्याच पातळीवर असा भाग दिसला, तर आजच्या कळेचे कारण सापडले असे म्हणायला आधार मिळतो. शस्त्रक्रिया करायची असेल तर चित्राशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि जंतुसंसर्ग किंवा गाठ यांची शंका असेल तेव्हा तर ते तातडीने काढावे लागते. परंतु आज दुखते का, या प्रश्नाचे उत्तर आणि वर्षानंतर दुखेल का, या प्रश्नाचे उत्तर ही दोन वेगळी उत्तरे आहेत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सायटिकाच्या, म्हणजे नसेच्या मुळाला त्रास होऊन पायात कळ उतरण्याच्या दुखण्याच्या, रुग्णांचे एमआरआय एक वर्षानंतर पुन्हा काढून पाहिले. ज्यांना समाधानकारक बरे वाटत होते त्यांच्यापैकी ३५ टक्के लोकांच्या चित्रात बाहेर आलेली गादी अजूनही दिसत होती, आणि ज्यांना बरे वाटत नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण ३३ टक्के होते. दोन्ही गटांतली चित्रे एकत्र मिसळली असती, तर केवळ ती पाहून कोणाचा पाय दुखतो आणि कोणाचा नाही, हे ओळखता आले नसते.

रुग्णांना सर्वांत नवल वाटते ते याचे, की बाहेर आलेला भाग जितका मोठा, तितकी तो आपोआप विरघळण्याची शक्यता अधिक असते. वेगवेगळ्या अभ्यासांची मांडणी करून २०१५ मध्ये असे दाखवले गेले की गादीपासून पूर्ण तुटून वेगळा झालेला तुकडा ९६ टक्के रुग्णांमध्ये लहान झाला, कवच फोडून बाहेर आलेला भाग ७० टक्के रुग्णांमध्ये, आणि केवळ फुगलेली गादी मात्र १३ टक्केच रुग्णांमध्ये मागे गेली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या मऊ गराला रक्तपुरवठा नसतो आणि शरीराच्या संरक्षक पेशींशी त्याची कधी गाठ पडलेली नसते. कवच फुटून तो गर मणक्याच्या पोकळीत आला की शरीर त्याला परका समजते, त्याच्याभोवती बारीक रक्तवाहिन्या वाढतात, भक्षक पेशी तिथे जमतात आणि तो गर हळूहळू खाऊन टाकतात. सुरुवातीच्या आठवड्यांत कळ असह्य होते ती याच दाहामुळे, आणि पुढे तुकडा नाहीसा होतो तोही त्याच्यामुळेच. अहवालातली सर्वांत भयंकर वाटणारी ओळ अनेकदा सर्वांत आशादायक असते, ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवी आणि ती फार क्वचित सांगितली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आकड्यांकडे येऊ. पायात उतरणाऱ्या दुखण्याचे रुग्ण किती प्रमाणात बरे होतात, असे विचारले तर संशोधनातून दोन फार वेगळी उत्तरे मिळतात. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी अर्ध्यांना लवकर शस्त्रक्रिया आणि अर्ध्यांना थांबून उपचार, अशी विभागणी केली होती. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोकांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. याउलट इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने कंबर आणि पाय दुखत असलेल्या ६०९ रुग्णांचा पाठपुरावा केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये मांडले, तेव्हा वर्षअखेर सुधारलेल्यांचे प्रमाण ५५ टक्के निघाले. रुग्णाला पहिला आकडा सांगितला तर तो निश्चिंत होईल आणि दुसरा सांगितला तर घाबरेल. म्हणून दोहोंतला फरक कशामुळे पडला, हे पाहिल्याशिवाय कोणताही आकडा उच्चारू नये.

पहिला फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. नेदरलँड्समध्ये रुग्णाला स्वतःला बरे वाटले की नाही, असा प्रश्न होता, आणि एकदा बरे वाटल्याची नोंद झाली की ती धरली जात होती. त्याच रुग्णांना दोन वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हा २० टक्के लोकांचा अनुभव असमाधानकारक होता, म्हणजे बरे वाटलेल्यांपैकी काहींचे दुखणे पुन्हा डोके वर काढत होते. कीलच्या अभ्यासात रोलंड आणि मॉरिस यांची १९८३ पासून वापरात असलेली २४ विधानांची प्रश्नावली भरून घेतली होती आणि दैनंदिन अडचण किमान ३० टक्क्यांनी कमी झाली तरच सुधारणा मानली होती. दुसरा फरक रुग्णांच्या निवडीचा आहे. शस्त्रक्रियेच्या चाचणीत ज्यांचे निदान स्पष्ट आहे आणि दुखणे तुलनेने नवे आहे असेच लोक येतात, तर साध्या दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे दुखणारे, आणखी चार ठिकाणी दुखणारे, झोप उडालेले, असे सगळेच असतात. माझ्याकडे येणारे लोक दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून मी ९५ टक्क्यांचा आकडा सरसकट सांगत नाही, आणि ५५ टक्क्यांचा सांगताना हेही सांगते की उरलेले ४५ टक्के लोक अंथरुणाला खिळलेले नव्हते. ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा त्यांच्यात झाली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मग समोर बसलेल्या एका माणसाविषयी काय सांगता येते? सर्वांत आधी मी पायातल्या दुखण्याचा काळ विचारते. कंबर किती वर्षे दुखते याला तितके महत्त्व नाही. पायातली कळ किती आठवड्यांपासून आहे, याला आहे. कीलच्या अभ्यासात पायाचे दुखणे जितके जुने तितकी सुधारणेची शक्यता कमी, हे स्पष्ट दिसले, आणि माझा रोजचा अनुभव त्याच्याशी जुळतो. त्यानंतर दुखणे गुडघ्याच्या खाली जाते का, खोकताना किंवा शिंकताना चमक पायात जाते का, मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात, हे पाहून ती कळ नसेच्या मुळाची आहे की कंबरेच्या सांध्यांकडून आणि स्नायूंकडून पायात पसरलेली आहे, याचा निर्णय करावा लागतो. उताणे झोपवून सरळ पाय उचलून पाहणे, अंगठा वर खेचायला लावणे, टाचा उचलून चालायला लावणे, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासणे, या तपासण्यांना यंत्र लागत नाही. दहा मिनिटे लागतात आणि तेवढी दिली पाहिजेत.

याच तपासणीतून आलेली एक गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मला ती उलटी वाटली होती. कील विद्यापीठाच्या रुग्णांमध्ये ज्यांच्या पायाच्या स्नायूंत नसेमुळे आलेली दुर्बलता होती, त्यांची वर्षभरात सुधारण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक निघाली. सामान्य समज अशी की पायाची ताकद कमी झाली म्हणजे रोग वाढला. मला याचा अर्थ असा लावावासा वाटतो की दुर्बलता असलेल्यांमध्ये गादीचा तुकडा खरोखरच नसेवर आलेला असतो, आणि असा तुकडा विरघळण्याची शक्यता मोठी असते. ज्यांच्यात असे एकच ठळक कारण नसते, त्यांचे दुखणे अनेक धाग्यांनी विणलेले असते आणि ते सुटायला वेळ लागतो. मात्र याचा आधार घेऊन कोणी दुर्बलतेकडे दुर्लक्ष करू नये. पावलाची ताकद दिवसागणिक कमी होत असेल, पाऊल चालताना खाली लोंबत असेल, लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, शौचावरचा ताबा जात असेल, किंवा बसताना जो भाग खुर्चीला टेकतो तिथे बधिरपणा आला असेल, तर तो माझ्याकडे येण्याचा प्रसंग नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. तिथे उशीर झाला तर झालेली हानी कायमची राहू शकते.

शरीराची तपासणी संपल्यावर मी जे विचारते, ते अनेकांना अवांतर वाटते. तुम्हाला काय झाले आहे असे तुम्हाला वाटते? हे किती दिवस टिकेल असे वाटते? कोणती कामे तुम्ही भीतीने सोडली आहेत? ऑस्ट्रेलियातल्या सिडनी परिसरात नव्याने कंबर दुखू लागलेल्या ९७३ लोकांचा वर्षभर मागोवा घेऊन २००८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षअखेर ७२ टक्के लोक पूर्ण बरे झाले होते, आणि ज्यांना उशीर लागला त्यांच्यात वाढते वय, दुखण्याची तीव्रता, आधीच वाया गेलेले दिवस आणि नुकसानभरपाईचे दावे यांच्याबरोबर मनाची उदासी आणि ‘हे टिकणारच’ ही रुग्णाची स्वतःची अपेक्षा हेही घटक होते. कीलच्या अभ्यासातही आजार लांबणार अशी धारणा असलेल्यांची सुधारणा कमी निघाली. टीकाकार म्हणतील की ज्यांचे दुखणे खरोखर जास्त आहे तेच लोक निराश असणार, आणि त्यात तथ्य आहे. रुग्णाचा अंदाज काही अंशी त्याच्या शरीराने त्याला दिलेली माहिती असते. पण तीव्रतेचा हिशेब वेगळा काढूनही ही अपेक्षा स्वतंत्रपणे उरते, असे या अभ्यासांत दिसते. भीतीमुळे हालचाल कमी होणे, हालचाल कमी झाल्याने ताकद आणि उत्साह घटणे, आणि त्यामुळे पुढच्या साध्या हालचालीतही दुखणे, हे चक्र १९८० च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञांनी मांडलेले आहे, आणि सीवूड्स किंवा कोपरखैरणेच्या कोणत्याही इमारतीत ते पाहायला मिळते.

काही महिन्यांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना पूर्वी कोणीतरी सांगितले होते की आता आयुष्यभर पुढे वाकायचे नाही, जमिनीवर बसायचे नाही आणि दोन किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही. पायातली कळ केव्हाच थांबली होती. तरीही त्या पट्टा बांधून वावरत होत्या, खाली पडलेली पेन्सिल मुलांकडून उचलून घेत होत्या, आणि गौरी-गणपतीत बाजूला खुर्चीवर बसून राहत होत्या. त्यांच्या पाठीत जे बिघडले होते ते निसर्गाने दुरुस्त केले होते. एका वाक्याने जे बिघडवले होते ते तसेच राहिले होते. आम्ही फार काही केले नाही. आधार धरून वाकणे, मग आधाराशिवाय, मग पाण्याची बादली, मग मांडी घालून बसणे, इतक्याच गोष्टी क्रमाने केल्या, आणि प्रत्येक पायरीला त्यांनी स्वतः पाहिले की काही तुटले नाही. उपचार करणाऱ्याने रुग्णाला दिलेला इशारा कधीकधी औषधापेक्षा अधिक काळ शरीरात राहतो, म्हणून तो देताना आम्ही सर्वांनीच, डॉक्टरांनी, फिजिओथेरपिस्टांनी आणि मालीश करणाऱ्यांनीही, फार जपायला हवे.

कामाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि इथे परदेशी अभ्यास आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच नेतात. नेदरलँड्स, नॉर्वे, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातला रुग्ण सहा आठवडे थांबून पाहू शकतो, कारण तिथे आजारपणात मिळकत काही प्रमाणात चालू राहण्याची व्यवस्था आहे. तुर्भ्याच्या बाजारात जितके ओझे वाहिले तितकी मजुरी, असा हिशेब असलेल्या माणसाला ‘थोडे दिवस हलके काम करा’ असे सांगण्याला काही अर्थ उरत नाही; तिथे हलके काम नावाचे काम नसते. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे या कामगारांना मंडळाकडची नोंदणी, भविष्य निर्वाह निधी आणि काही सोयी मिळाल्या, आणि हा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम केला याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. तरीही पन्नास किलोंचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाचे दुखणे लांबेल की नाही, हे त्याच्या मणक्यापेक्षा त्याच्या टोळीवर अधिक अवलंबून असते, असे मी पाहिले आहे. टोळीतले सोबती काही आठवडे त्याला वरून थप्पी लावण्याचे किंवा मोजणीचे काम देत असतील, तर तो कामाच्या जागी राहतो, चालता-फिरता राहतो आणि बहुधा सुधारतो. तशी सोय नसेल तर तो एक तर कळ दाबून पूर्ण ओझे उचलतो किंवा गावी जाऊन पडून राहतो, आणि दोन्हींचा शेवट लांबलेल्या दुखण्यात होतो. म्हणून आता मी अशा रुग्णाबरोबर त्याच्या मुकादमालाही एकदा भेटायला बोलावते. आजवर एकानेही नकार दिलेला नाही.

पडून राहण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण घरातली वडीलधारी माणसे प्रेमाने तोच सल्ला देतात. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्येच सायटिकाच्या १८३ रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे अंथरुणात विश्रांती घ्यायला आणि बाकीच्यांना जमेल तसे वावरायला सांगितले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोक सुधारले होते. विश्रांतीने काहीही मिळवले नव्हते. दोन-तीन दिवस कळ इतकी असते की आडवे पडण्यावाचून इलाज नसतो, तेव्हा जरूर पडावे. त्यापुढचे दिवस मात्र उपचार म्हणून मोजू नयेत.

प्रश्न विचारून अंदाज बांधण्याला शिस्त यावी म्हणून कील विद्यापीठानेच नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली आणि ती २००८ पासून जगभर वापरात आहे. पायात दुखणे, अन्यत्र दुखणे, चालण्यावर आणि कपडे घालण्यावर आलेली मर्यादा यांविषयी चार प्रश्न, आणि भीती, चिंता, निराशा, उत्साह आणि दुखण्याचा त्रास यांविषयी पाच. त्यावरून रुग्णाला कमी, मध्यम किंवा अधिक धोक्याच्या गटात ठेवतात आणि तसे उपचार देतात. २०११ मध्ये ८५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कंबरदुखीसाठी ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. त्याच धर्तीवर केवळ सायटिकासाठी गट पाडून उपचार करण्याची पद्धत आखली गेली, तेव्हा मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा नेहमीच्या उपचारांहून अधिक फायदा दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून मी एवढेच मानते की प्रश्नावली गटाविषयी बऱ्यापैकी खरे सांगते आणि एका माणसाविषयी कमी. अधिक धोक्याच्या गटातले कितीतरी लोक बरे होतात, कमी धोक्यातल्या काहींचे दुखणे रेंगाळते. मी ती वापरते ती रुग्णावर शिक्का मारण्यासाठी नाही; जे त्याने आपणहून सांगितले नसते ते बोलायला जागा मिळावी म्हणून वापरते. ‘मला वाटते की हे कधीच बरे होणार नाही’ या ओळीसमोर खूण करताना धडधाकट माणसांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो निर्णय शल्यविशारदाचा आणि रुग्णाचा आहे. नॉर्वेतल्या १९८३ च्या प्रसिद्ध अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण एका वर्षाने पुढे होते, चार वर्षांनी फरक पुसट झाला आणि दहा वर्षांनी उरला नाही. वर सांगितलेल्या २००७ च्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारण चार आठवड्यांत आणि थांबलेल्यांना बारा आठवड्यांत बरे वाटले, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी पुढे वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतलीच. शस्त्रक्रियेने वेळ वाचतो, आणि ज्याची झोप आणि रोजगार गेला आहे त्याच्यासाठी आठ आठवडे ही मोठी गोष्ट असते. दूरच्या भविष्याचा अंदाज मात्र तिने फारसा बदलत नाही.

मग मी रुग्णाला प्रत्यक्षात काय सांगते? एकच तारीख सांगत नाही. दोन आठवडे, सहा आठवडे आणि बारा आठवडे, अशा तीन वेळा आपण पुन्हा पाहू असे सांगते आणि प्रत्येक वेळी कशाकडे पाहायचे तेही लिहून देते. दोन आठवड्यांत कळ थांबण्याची अपेक्षा नसते. झोप सुधारली का आणि घरात वावर वाढला का, एवढेच पाहायचे. सहा आठवड्यांपर्यंत दुखणे पायातून वर सरकू लागले का, याला मी सर्वांत अधिक महत्त्व देते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकात हे लक्षात आणून दिले की विशिष्ट हालचालींनी पोटरीतले दुखणे मांडीत आणि मांडीतले कंबरेत परतू लागले तर रुग्ण बहुधा सुधारतो. अडचण अशी की त्या वेळी कंबर तात्पुरती जास्त दुखते, रुग्ण घाबरतो आणि नेमका चांगल्या वळणावर व्यायाम सोडतो. म्हणून हे आधीच सांगून ठेवावे लागते. बारा आठवड्यांनंतरही पाय तसाच दुखत असेल, तर अंदाज बदलला हे मी मोकळेपणाने सांगते आणि शल्यविशारदांचे मत घ्यायला पाठवते, कारण त्यापुढे नुसते थांबण्याने मिळणारा लाभ कमी होत जातो. ‘नक्की बरे व्हाल’ हे वाक्य मी वापरत नाही. ‘तुमच्यासारख्या दहा जणांपैकी निम्म्याहून अधिक वर्षभरात चांगले सुधारतात, आणि तुमच्या बाजूने या दोन गोष्टी आहेत, विरुद्ध ही एक आहे’, असे सांगितले की लोक ते समजून घेतात. आपली माणसे शक्यतेची भाषा पेलू शकत नाहीत, हा समज मला पटत नाही.

एक गोष्ट उरते ती पुन्हा दुखण्याची. बरे झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची कंबर पुन्हा कधीतरी धरते आणि तेव्हा त्यांना वाटते की आधीचे सगळे वाया गेले. त्याचाही अंदाज आधी दिलेला असला तर तो धक्का निम्मा होतो. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना टप्प्याटप्प्याने वाढणारे चालणे आणि थोडे मार्गदर्शन दिले त्यांच्यापैकी निम्म्यांची कंबर पुन्हा दुखायला २०८ दिवस लागले, आणि ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्यापैकी निम्म्यांची ११२ दिवसांत दुखली. तो अभ्यास कंबरदुखीचा होता, पायातल्या कळेचा नव्हता, हे लक्षात ठेवूनही मी चालण्याचा आग्रह धरते, कारण त्याला खर्च नाही आणि अपाय जवळजवळ नाही. नेरूळमध्ये ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती, बेलापूरला पारसिक टेकडीच्या उतारावर, ठाण्यात उपवनला किंवा मासुंदा तलावाच्या काठाने, जिथे सोयीचे असेल तिथे आठवड्यातून पाच दिवस, सुरुवातीला झेपेल तितके आणि काही महिन्यांत अर्ध्या तासापर्यंत. पावसाळ्यात रस्ते खराब असतात तेव्हा इमारतीच्या वाहनतळात फेऱ्या मारल्या तरी चालते. पुन्हा कंबर धरली आणि पायाची ताकद, लघवी, संवेदना यांत काहीही बदल नसला, तर दोन दिवस चाल कमी करावी, शेक घ्यावा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चालायला निघावे. त्यासाठी नवा एमआरआय लागत नाही.